दोन खुणांची गल्ली

पाण्याच्या टाकीपासून पुढे चढ लागतो. तिथे मीटरताईने माझ्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली आणि आपल्या खांद्याला लावली. तुझ्या चालीने निघालो तर पुढच्या महिन्याचं बिल निघेल, म्हणाली. सकाळपासून आमची सदतीस घरं झाली होती. पिशवीला खरं तर वजन असं नव्हतंच. गालाच्या आतून फिरवायच्या कापसाच्या काड्या, त्यांची पाकिटं, कोरे फॉर्म, दोन पेनं आणि पाण्याची बाटली. पण तिला मोकळ्या हातांनी चालता येत नाही. एकवीस वर्षं वीज खात्यात मीटर वाचण्यात गेली, खांद्यावर काही नसलं की तिचा तोलच जातो.

दिवस सुट्टीचा होता, तरी आम्ही चाललो होतो ते तिच्या कामाच्या क्रमानेच. आधी टाकीमागची बैठी घरं, मग चढावरच्या तीन इमारती, मग छापखान्याचा रस्ता, आणि अगदी शेवटी तिच्या दादाची गल्ली. ती गल्ली नेहमी शेवटी का, असं मी एकदा विचारलं होतं. गोड शेवटी खायचं असतं, म्हणाली होती.

मी हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीत बसते. बोन मॅरो द्यायची ज्यांची तयारी आहे अशा लोकांची यादी आमच्याकडे असते. फॉर्म तपासायचे, काड्यांची पाकिटं लॅबला पाठवायची, आणि कधी काळी एखाद्या रुग्णाशी यादीतल्या कोणाचं जुळलं तर त्या माणसाला फोन करायचा, हे माझं काम. महिन्यातून एका सुट्टीला मी मीटरताईबरोबर फिरते. ती बोलते, मी लिहून घेते.

तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर सोडलं तर कुठे वापरात नाही. चढावरची पोरंसुद्धा तिला मीटरताईच म्हणतात. उंच, वाळकी, पायात पुरुषी बूट. कामावर असते तेव्हा कमरेला टॉर्च, हातात वाचनाचं यंत्र, आणि एका लांब काठीला बांधलेला छोटा आरसा. लोक मीटरच्या पुढ्यात कपाटं ठेवतात, जुन्या सायकली टांगतात. ही आरसा आत सरकवते आणि उलटे आकडे सुलटे असल्यासारखे वाचते. कोणत्या घरातला कुत्रा चावतो आणि कोणत्या घरातली सासू, हे तिला तोंडपाठ. सासूला बिस्किट टाकून चालत नाही, एवढाच काय तो फरक, असं ती म्हणते.

मीटर वाचता वाचता ती घर वाचते. आकडा एकदम चढला की पाळणा हलला असेल नाहीतर मुलगी माहेरी आली असेल. उतरला की कोणीतरी कमी झालं. छापखान्याच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याला तिने दारातच विचारलं होतं, काकी कधी गेल्या. त्याने ते अजून शेजाऱ्यांनाही सांगितलं नव्हतं. त्याला रडायला एक माणूस मिळालं आणि तिला त्या घरातला नातू मिळाला. तो आता आमच्या यादीत आहे.

वाचन झालं की मीटरच्या पेटीवर कोपऱ्यात ती खडूने एक बारीक तिरपी रेघ मारते. यंत्रं आली, फोटो आला, रेघेची गरज संपली, पण हाताची सवय गेली नाही. आणि ज्या घरातलं कोणी यादीत आलं, त्या पेटीवर ती दुसरी रेघ मारते. असं करायला नको, कोण दाता आहे हे कोणाला कळता कामा नये, असं मी तिला नियम दाखवून सांगितलं. खडूची रेघ आहे, त्यात कोणाचं काय लिहिलंय, म्हणाली. तसं ते खरंही होतं. त्या रेघेचा अर्थ तिला ठाऊक होता आणि मला. आणि दादाला.

चढावरच्या दुसऱ्या इमारतीत त्या दिवशी एक नवा संसार लागला होता. नवरा बँकेत होता, अंगात उत्साह. मीटरताईने नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं. आज फक्त गालातून काडी फिरवायची. पुढे कधी जुळलंच, तर पाच दिवस इंजेक्शनं, अंग दुखतं, मग एका हातातून रक्त काढतात, यंत्र त्यातल्या हव्या तेवढ्या पेशी बाजूला काढतं, बाकीचं दुसऱ्या हातातून परत. चार-पाच तास पडून राहायचं. काही जणांचं कमरेच्या हाडातून घेतात, भूल देऊन, दोन-चार दिवस कंबर धरते. पाठीच्या कण्याला कोणी हात लावत नाही. गेलेलं थोड्या आठवड्यांत भरून येतं. पोरगा म्हणाला, द्या इकडे, आत्ताच करू. मी पाकीट फोडणार, तेवढ्यात मीटरताईने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

तिने त्याला विचारलं, दोन वर्षांनी फोन आला, तेव्हा साहेबाने रजा दिली नाही तर? आई रडली तर? ही शेजारी उभी आहे ती म्हणाली, मला विधवा करतोस का, तर? पोरगा हसला. बायको हसली नाही.

"मग आज नको," मीटरताई म्हणाली. "पंधरा दिवस दोघं भांडा. मी परत येते."

हा तिचा नियम. पहिल्या 'हो'ला ती फॉर्म देत नाही. सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. आम्हाला वर आकडे द्यावे लागतात, आणि ही आलेलं माणूस परत पाठवते. शिबिर भरवलं की शंभर फॉर्म एका दुपारी येतात, ही वर्षात तेवढे आणत नाही. पण गेल्या सहा वर्षांत काय झालं ते मी खिडकीतून पाहिलं आहे. शिबिरातल्या लोकांना फोन केला की कोणाचा नंबर बदललेला, कोणी म्हणतो ते तेव्हाचं होतं, कोणी पलीकडून चुकीचा नंबर म्हणून ठेवून देतं. मीटरताईच्या यादीतल्या पाच जणांना आजवर बोलावणं गेलं. पाचही आले. एक शिंपीण तर स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याची तारीख पुढे ढकलून आली.

दर वेळी मी मीटरताईला नाव न सांगता एवढंच कळवायची की तुझ्याकडचं कोणीतरी देऊन गेलं. कुठेतरी कोणीतरी वाचलं असेल, देवाची कृपा, असं माझ्या मनात यायचं. ती म्हणायची, बसली एक. आणि स्वतःच्या गालावर दोन बोटं टेकवायची, चपराक बसल्यासारखी. गाल तिचा, चपराक दादाला.

आता दादाचं सांगायला हवं.

नऊ वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आली ती तिच्या धाकट्या भावाचे कागद घेऊन. आईबाप आधीच गेलेले, तीन भावंडं. मोठा दादा, मधली ही, आणि धाकटा. धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा. सव्वीस वर्षांचा, तोंडाने फाटका. रक्ताचा कर्करोग होता आणि औषधांनी एकदा जाऊन परत आला होता. वाचायचं तर दुसऱ्याचा बोन मॅरो हवा. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. हिचं अर्धंच जुळलं. दादाचं शंभर टक्के जुळलं. रिपोर्ट आला त्या दिवशी धाकटा माझ्या खिडकीत वाकून म्हणाला होता की दादाचं रक्त अंगात गेल्यावर मीही घोरायला लागेन, मग कोण पोरगी देईल. दादाने सही केली. माझ्याच पेनाने केली.

दादा फरशा बसवायचा. अजूनही बसवतो. गुडघ्यांवर आणि कमरेवर चालणारं काम. त्या वेळी डॉक्टरांनी कमरेच्या हाडातून घ्यायचं ठरवलं होतं. कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की कण्यात सुई घालतात, आणि मग माणूस आयुष्यभर वाकत नाही. वाकला नाही तर खाणार काय. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही.

त्याने नाही म्हणावं, त्याचा तो हक्क होता. कधीही म्हणता येतं, फॉर्मवर तसं लिहिलेलंच आहे. पण कधी म्हणायचं याला एक वेळ असते. नवा मॅरो चढवण्याआधी रुग्णाचा स्वतःचा मॅरो औषधं देऊन पूर्ण मारून टाकतात. त्यानंतर त्याच्या अंगात रक्त तयार करणारं काही उरत नाही. धाकट्याचं ते सगळं झालं होतं. ठरल्या दिवशी सकाळी सात वाजता दादाने यायचं होतं. मी फाइल उघडून बसले होते. आठ वाजले, नऊ वाजले. फोन बंद. साडेनऊला मीटरताई उठली आणि त्याच्या घरी गेली.

दाराला बाहेरून कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, सकाळीच कुठे गेले असतील बाई. ही दारावर हात आपटत राहिली. मग थकून वळली, आणि सवयीने तिचा डोळा फाटकाजवळच्या मीटरच्या पेटीवर गेला.

तिने मला हे अनेकदा सांगितलं आहे, दर वेळी त्याच शब्दांत. घरात कोणी नसलं आणि फ्रिज तेवढा चालू असला की मीटरचा लाल दिवा पेंगलेल्या म्हातारीच्या पापणीसारखा मधूनच लवतो. तसाच लवत होता. आणि तिच्या डोळ्यांदेखत तो भरभर लवायला लागला. आणखी भरभर. आत कोणीतरी काहीतरी मोठं चालू केलं होतं. म्हणजे दाराला कुलूप घालून हे मागच्या दाराने आत शिरले होते आणि आत बसून अंघोळीचं पाणी तापवत होते.

ती ओरडली की दादा, मीटर पळतोय, तू आत आहेस. दार उघडलं नाही. ती तिथे चाळीस मिनिटं उभी होती आणि चाळीस मिनिटं तो दिवा तसाच लवत होता.

परत आली आणि डॉक्टरांना म्हणाली, माझं घ्या. अर्धं तर अर्धं. दुसरा इलाजच नव्हता, घेतलं. धाकट्याच्या अंगात ते रुजलं नाही. एकोणीस दिवसांनी तो गेला. शेवटी शेवटी त्याला दिसत नव्हतं नीट. ज्याने गावाला चष्मे लावले तो, असं ती म्हणते.

पुढच्या महिन्यात दादाच्या गल्लीत वाचनाची पाळी आली. पेटी फाटकाबाहेर, आकडा समोर. हिने यंत्रात शेरा टाकला, घर बंद. पुढच्या महिन्यात पुन्हा, घर बंद. चार महिने. अंदाजाने बिलं गेली. दादा ओट्यावर बसलेला असायचा, हिला बघायचा, आणि ही त्याच्यासमोर यंत्रात घर बंद लिहायची. त्याने एकदाही तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर माझी नोकरी गेली असती पण जिवाला बरं वाटलं असतं, असं ती म्हणते. शेवटी वरच्या साहेबांनी हटकलं तेव्हा वाचायला लागली.

आणि मग तिने हे काम काढलं. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, तुमची ती परक्यांची यादी असते ना, त्याचे फॉर्म दे. मी म्हटलं, धाकटा तर गेला. ती म्हणाली, दादा आहे ना अजून.

दारात उभी राहून ती लोकांना जे सांगते ते मला कुठल्याही पत्रकात छापता येणार नाही. तरी त्याने जितकी माणसं मिळाली तितकी पत्रकाने मिळाली नाहीत. ती म्हणते, "माझा सख्खा भाऊ कुलूप घालून आत बसला. तुम्ही माझे कोणी नाही. म्हणून तुमच्याकडे आले."

दादाच्या गल्लीत बावीस घरं आहेत. वयात आणि तब्येतीत बसणारं माणूस एकोणीस घरांत. तिथल्या एकेका दाराशी ती पाच-पाच वेळा गेली आहे. त्या माणसांच्या आजारपणात जागली, त्यांच्या अर्जांवर साहेबांच्या सह्या आणून दिल्या, एकीचं बाळंतपण काढलं. प्रेमाने केलं असं कोणी म्हणेल तर म्हणो. सात वर्षांत अठरा पेट्यांवर दुसरी रेघ पडली. एकोणिसावी दादाची. त्याच्या डावीकडे दोन रेघा, उजवीकडे दोन, समोर दोन. त्याच्या पेटीवर एक. कामावरून येताना त्याला ती गल्ली चालून घरात शिरावं लागतं. पहिल्या वर्षी तो स्वतःची ती एक रेघ ओल्या फडक्याने पुसायचा. मग पुसायचा थांबला.

मी देवाचं करणारी बाई आहे. सकाळी अर्धा तास देवापुढे बसल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. क्षमा हा शब्द मलाही येतो. एकदा तो मी मीटरताईपुढे काढला. ती म्हणाली, तू रोज बसतेसच, तर दादासाठी शंभर वर्षं मागून घे. त्याला सगळ्यांना बघू दे. आणि मी मागितलं. त्याची फाइल उघडून सात ते साडेनऊ बसले होते ती मीच. कोणत्या मनाने मागितलं ते देवाला कळलंच असेल.

तर त्या दिवशी उन्हं कलल्यावर आम्ही त्या गल्लीत शिरलो. मीटरताईची चाल तिथे नेहमी बदलते. पावलं सावकाश, मान वर, मिरवणुकीत चालल्यासारखी. दादाच्या खिडकीचा पडदा हलला. ती माझ्याकडे बघून हसली.

समोरच्या घराच्या पायरीवर एक मुलगी बसली होती. आम्हाला पाहून उठली. दादाची मुलगी, एकुलती. मी तिला लहानपणी पाहिली होती, आत्याचं बोट धरून धाकट्याला भेटायला यायची. त्या प्रकारानंतर मीटरताई त्या घरातल्या कोणाशी स्वतःहून शब्द बोलली नव्हती, या पोरीशीही नाही. पोरीने रस्त्यात तीनदा गाठून यादीत घेतेस का विचारलं होतं आणि मीटरताईने तीनदा न थांबता एकच उत्तर दिलं होतं, की अजून वयात बसत नाहीस.

"आत्या," ती म्हणाली, "मला गेल्या आठवड्यात अठरा पूर्ण झाली."

मीटरताई चालतच राहिली. "घर बंद आहे," ती म्हणाली.

"मी बाहेर उभी आहे."

"रेघ घरावर पडते. त्या घरावर पडायची नाही."

पोरगी तिच्याबरोबर चालायला लागली. दिसायला बापावर गेली आहे, चालायला आत्यावर. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. म्हणाली, तुला एक विचारायचं आहे, त्या दिवशी दिवा भरभर लवला तेव्हा तुला काय वाटलं. मीटरताईने तिच्याकडे पाहिलंच नाही. म्हणाली, काय वाटायचं, भाऊ मरायला टेकला होता आणि तुझा बाप अंघोळीला बसला होता, ते वाटलं.

"गीझर मी लावला होता."

आम्ही तिघी थांबलो.

पोरगी सांगत गेली, हळू आवाजात, खिडकीकडे पाठ करून. ती तेव्हा नऊ वर्षांची. आत्याचा आवाज आला तेव्हा बाबांनी तोंडावर बोट ठेवलं. आई कोपऱ्यात बसलेली. कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. आत्या कधी घरी आली की तिला कडेवर घेऊन मीटर दाखवायची. दिवा सावकाश लवला की घर झोपलंय, भरभर लवला की घर जागं आहे. ते हिला आठवलं. ती चवड्यांवर न्हाणीघरात गेली, गीझरचं बटण दाबलं. मग इस्त्री लावली आणि फरशीवर उभी करून ठेवली. मिक्सर पण लावायचा होता, पण त्याचा आवाज झाला असता.

"मला वाटलं, तुला कळलं की तू दार तोडशील," ती म्हणाली.

मीटरताईच्या तोंडाला तोंड देणारं माणूस मी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. साहेबाला ती ऐकवते, कुत्र्याला ऐकवते. त्या वेळी मात्र तिने पिशवीचा पट्टा एका खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर घेतला. मग परत पहिल्यावर घेतला. मग पोरीच्या बाजूने निघून सरळ गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली.

मी पोरीला एवढंच म्हटलं की जा घरी. ती म्हणाली, काकू, मी नुसतं सांगायला आले नव्हते. काडी कशी फिरवायची ते मी वाचून ठेवलंय. मी म्हटलं, बघू.

गल्लीच्या टोकाला गटाराच्या कडेने कमरेएवढी भिंत आहे. मीटरताई तिच्यावर बसली होती. मी बाटली दिली. तिने चूळ भरली, पाणी प्यायली, उरलेलं बुटांवर ओतलं, धूळ बसायला. समोरून एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन गेली, ताई बरं नाही का, विचारून गेली. ही हो म्हणाली की नाही म्हणाली ते तिलाही कळलं नसावं.

मग म्हणाली, नऊ वर्षं मी त्या दिव्याला शिव्या दिल्या. आणि तो दिवा मला हाक मारत होता.

मी म्हटलं, तुला कसं कळणार.

"चाळीस मिनिटं उभी होते. दार तोडलं नाही."

तोडलं असतं तरी दादाला बळजबरीने कोणी सुई टोचली नसती. ते मला ठाऊक होतं आणि बहुधा तिलाही. मी मनात देवाचं नाव घेतलं, आणि पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आलं की इतकी वर्षं त्या घरात ज्याच्यासाठी मागावं असं आणखी एक माणूस होतं आणि मी कधी मागितलं नव्हतं.

मला वाटलं होतं, आता ही उठेल, पोरीला जवळ घेईल, दादाच्या दारात जाईल. तशी बाई ती नाही. तिने डोळे पुसले ते घाम पुसल्यासारखे, आणि बोलायला लागली तेव्हा आवाज कामावरचा होता.

"मी त्या फाटकाच्या आत पाय ठेवायची नाही. तो मेला तरी ठेवायची नाही. त्याचं सोडलेलं नाही मी, समजलं? ते माझ्याबरोबर जळेल." मी मान हलवली. "तू जा. पंधरा दिवसांनी. तिलाही नियम तोच. आज पहिल्यांदा विचारलं असं धर. नाही म्हणाली तर गप परत ये, मला सांगू नकोस."

आणि हो म्हणाली तर, मी विचारलं.

"तर पुढच्या सुट्टीला सकाळी जा. तेव्हा तो घरात असतो. आत बोलावतील, चहा करतील. जायचं नाहीस. ओट्याखाली रस्त्यावर उभी राहा, तिला बाहेर बोलाव, आणि तिथेच काडी फिरव. दार उघडं ठेवायला सांग. तो बघत असेल तर सावकाश कर."

तिने खिशात हात घातला आणि खडूचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. अंगठ्याच्या पेराएवढा उरलेला, तिच्या घामाने ओलसर. मी म्हटलं, म्हणजे दुसरी रेघ मी मारू? पेटीवर?

"पेटीला हात लावू नकोस. पेटीवर त्याची एकच राहील." ती भिंतीवरून उतरली, आणि आपल्या छातीच्या जरा खाली हवेत आडवा हात धरला, एखाद्या मुलाची उंची दाखवतात तसा. "पेटीच्या खाली, भिंतीवर मार. एवढ्यावर. नऊ वर्षांची पोर उभी राहिली तर तिच्या डोळ्यांसमोर येईल अशी. आणि जोर लावून मार गं, पुसली जायला नको."